स्थळ अज्ञात

जिल्ह्याच्या गावी एक लहानसा वस्तुसंग्रह आहे. तिथे जिन्याखाली, जिथे उजेड कमी पडतो, एका कपाटाच्या खालच्या खणात चौसष्ट दगड मांडलेले आहेत. मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले. काही रुपयाएवढे, काही भाकरीएवढे. शिकलेले लोक त्यांना अमोनाइट म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या कुठल्याशा प्राण्याची ही घरे, दगड होऊन राहिलेली. त्यातल्या अकरा दगडांखाली जुन्या, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या आहेत. उरलेल्या त्रेपन्नांखाली एकच छापील मजकूर आहे : ‘अमोनाइट. स्थळ अज्ञात.’

मी महिन्या-दोन महिन्यांनी तिथे जातो. तिथला शिपाई मला स्टूल आणून देतो आणि म्हणतो, “मास्तर, तुम्हाला या दगडांचा भारीच नाद.” मी मान हलवतो. इतकी वर्षे मी मानच हलवत आलो आहे. आता पन्नाशी समोर दिसते आहे. जगात दुसरी लढाई चालू आहे, रॉकेल मिळत नाही, आणि ओळखीची माणसे आपापल्या पोटातल्या गोष्टी पोटात घेऊन चालली आहेत. माझ्या पोटातली एक तेवढी कागदावर ठेवावी म्हणून बसलो आहे.

त्या त्रेपन्न दगडांची स्थळे अज्ञात नव्हती. ती मी अज्ञात केली. ज्यांनी ती एकेक करून लिहून ठेवली होती त्या नथूअप्पांविषयी मी आजवर कोणाजवळ एक अक्षर काढलेले नाही. बायकोजवळसुद्धा नाही.

तळोद्याच्या मराठी शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. नाशिकचा, अक्षर सुरेख असलेला, आणि स्वतःच्या केसांवर फार खूश. केसांना मी चमेलीचे तेल लावी. ते सुरतेहून आगगाडीने नंदुरबारला येई आणि तिथून गाडीवानाबरोबर तळोद्याला. मास्तरांच्या आधी मास्तरांचा वास वर्गात येतो, असे पोरे म्हणत, आणि त्याचा मला अभिमान वाटे. हसायचे तर हसा. पण ते तेल लक्षात असू द्या.

गावात एक वाचनालय होते. चार वर्तमानपत्रे, दोन कपाटे पुस्तके. अक्षर बरे म्हणून त्याची चिटणिशी माझ्याकडे आली. मागच्या खोलीच्या दारावर ‘प्राचीन वस्तुसंग्रह’ अशी पाटी होती. आत दोन गंजक्या तलवारी, एक तुटका ताम्रपट, मूठभर नाणी आणि हे दगड. खोलीला लागून एक पडवी होती. तिच्यात नथूअप्पा राहत. संग्रहाचे ते बिनपगारी राखणदार. खरे म्हणजे मालकच म्हणायचे, कारण दगड सगळे त्यांनीच आणलेले.

अप्पा मोजणी खात्यात मोजणीदार होते. सातपुड्याच्या आतल्या गावांच्या हद्दी मोजण्यात त्यांची नोकरी सरली. उंच, कमरेत पुढे झुकलेले. आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावल्यामुळे डावा डोळा कायम अर्धा मिटलेला, त्यामुळे माणसाकडे पाहतानासुद्धा ते त्याच्यापर्यंतचे अंतर घेत आहेत असे वाटायचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. मराठी त्यांना शाळेपुरते, कागदापुरते येई. बोलणे सगळे अहिराणीत.

पहिल्या दिवशी मी त्यांना नमस्कार केला तर त्यांनी विचारले, “कोनतं गाव तुमनं?”

“नाशिक.”

“नाशिक कितलं मोठं शे! नदीना कोनता आंगे?”

“पंचवटीकडे.”

“घाटपाईन वर का खाले?”

मी जरा चिडून म्हणालो, “अप्पा, तुम्ही माझी मोजणी करताय का?”

ते हसले नाहीत. म्हणाले, “दगडले बी गाव लागस, मास्तर. तुम्ही तं मानूस शेतस.”

हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. दगडाला गाव पाहिजे. त्यांच्या प्रत्येक दगडावर खळीने चिकटवलेली लहानशी चिठ्ठी असे, आणि चिठ्ठीवर, मोजणीच्या वहीत लिहितात तशा आखूड अक्षरात, त्याचा क्रमांक आणि सगळा पत्ता. एक अजून तोंडपाठ आहे : ‘मणिबेली. नर्मदेचे दक्षिण तीर. ओढ्याच्या मुखापासून चार साखळ्या वर, पाण्यापासून दोन पुरुष उंच. सापडला : रुमाल्यास.’ ज्याला सापडला त्याचे नाव लिहिल्याशिवाय चिठ्ठी पुरी होत नसे. चौसष्टांपैकी पस्तीस-चाळीस चिठ्ठ्यांवर रुमाल्याचे नाव होते. स्वतःचे नाव अप्पांनी फार तर दहा-बारा ठिकाणी लिहिले असेल.

अप्पा चालताना बोलत नसत, कारण पावले मोजत. रस्त्यात कोणी रामराम केला तर हात वर करीत आणि ओठ हलवत पुढे जात. वाचनालय ते शाळा तीनशे चाळीस पावले. पावसाळ्यात तीनशे बावन्न. “चिखलमा पाऊल आखडी जास,” असे त्यांनी मला एकदा अगदी गंभीरपणे सांगितले. मी त्यांना मुद्दाम मधेच गाठून काहीतरी विचारी. मग ते परत मागे जात आणि पहिल्यापासून मोजत येत. मला तेव्हा ती गंमत वाटे.

तसे गावही त्यांची गंमतच करी. अप्पांचे एकच म्हणणे होते : “आठे समुद्र व्हता.” तळोद्यापासून समुद्र किती लांब, हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीतही नव्हते. सगळीकडे काळा कातळ, वर सातपुडा, खाली तापीचे रान. त्या मुलखात हा माणूस सांगतो की नर्मदेच्या काठापर्यंत समुद्र आलेला होता, आणि ही त्यातल्या प्राण्यांची घरे. त्यांचे नाव समुद्रअप्पा पडले होते. बाजाराच्या दिवशी पेठेतून कोणी ओरडायचा, “अप्पा, आज भरती कव्हय शे?”

अप्पा पावले थांबवीत. आकडा विसरू नये म्हणून बोट मुडपून धरीत आणि म्हणत, “गई. तुम्ही उशिरा उनात.”

वाचनालयाचे अध्यक्ष मारवाडकडून आलेले एक कापडवाले शेठजी होते. मोठे वैष्णव. त्यांना तो वळलेला दगड दिसला की हात आपोआप जोडले जात. “अप्पा, ये तो शाळिग्राम आहे. साक्षात विष्णूचं चक्र. कपाटात धूळ खातो, पाप लागेल. एक मला द्या, चांदीच्या सिंहासनावर ठेवतो.”

अप्पा म्हणाले, “शेठजी, तुमना घर गया की तो देव व्हई जाई. मंग त्याले कोन इचारी, तू कोना गावना?”

शेठजी त्या दिवशी रागावून गेले. पण दर एकादशीला मात्र खोलीच्या दारातून नमस्कार करून जात.

धूळ खातो हे शेठजींचे म्हणणे खरे होते. अप्पा दगड कधी पुसू देत नसत. मी नवा असताना फडके घेऊन पुढे झालो तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. दगडाच्या वळ्यांमध्ये माती अडकलेली होती. कुठे तांबूस, कुठे राखी, कुठे हळदीसारखी. ती माती पाहून तो कुठल्या ओढ्याचा हे ओळखता येते, असे त्यांनी मला समजावले. मी “हो का” म्हटले. मला पटले होते ते एवढेच की म्हातारा आळशी आहे आणि आळसाला शास्त्र जोडतो आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखवली होती. खडकातून दगड निघाला की मागे त्याच्या आकाराचा खळगा राहतो, प्रत्येक वळी उमटलेला. “याना बिछाना,” ते म्हणत. दुसरा कुठलाही दगड त्या बिछान्यात बसत नाही. मणिबेलीच्या काठावर चौसष्ट बिछाने रिकामे पडले आहेत, आणि कुठला कोणाचा ते या चिठ्ठ्यांवर आहे, हे सांगताना त्यांचा मिटका डोळासुद्धा जरा उघडे.

आता रुमाल्या. मणिबेलीचाच. मोजणीच्या तुकडीत अप्पांची साखळी ओढायचा. पहिला दगड त्यालाच सापडला. निशाणाच्या काठीला आधार म्हणून त्याने उचलला आणि अप्पांच्या हातात दिला. अप्पा निवृत्त होऊन खाली तळोद्याला आले तेव्हा तोही आला आणि वाचनालयाचा शिपाई झाला. झाडलोट, पाणी, दिवाबत्ती. फार बोलत नसे. त्याचा एक खेळ मी पाहिला होता. अप्पा त्याच्या हातात, डोळे मिटायला लावून, एक दगड ठेवीत. तो अंगठा वळ्यांवरून फिरवी आणि सांगे, “वडखाले. दोन दगड सोडीसन.” मग अप्पा चिठ्ठी वाचत आणि मांडीवर थाप मारत. त्या खोलीत अप्पांना मोठ्याने हसताना मी ऐकले ते तेवढ्याच वेळी.

दोघे पडवीच्या पायरीवर जेवत. कळण्याची भाकरी, ठेचा, असेल तर डाळ. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, दोन थाळ्या, एकाच पातेल्यातून वाढलेल्या. डोंगरातल्या माणसाशी असे जेवण, म्हणून गावात कुजबुज होई. मी चिटणीस म्हणून एकदा अप्पांना तसे सुचवलेही. ते म्हणाले, “मास्तर, बारा वरीस आम्ही एक साखळीना दोन टोकं धरात. एक टोक सोडं तं मोजनी व्हस का?”

एके दिवशी मुंबईच्या एका प्राध्यापकांचे पत्र आले. भूगर्भशास्त्र शिकवणारे, वयस्क. अप्पांनी त्यांना वर्षभरापूर्वी माझ्याच अक्षरात पत्र पाठवले होते. प्राध्यापकांनी लिहिले होते की दगडांची स्थळे निश्चित असतील तर ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. समुद्र किती आत आला होता हे त्यावरून ठरू शकेल. मी स्वतः येऊन पाहतो. ‘स्थळे निश्चित असतील तर’ या शब्दांखाली त्यांनी रेघ ओढली होती. अप्पांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. मग पडवीत गेले. थोड्या वेळाने पाहतो तर नवे धोतर धुऊन वाळत घातलेले. नवे कशाला धुतले, म्हणून विचारले तर म्हणाले, “खळ निंघी जावाले पाहिजे. कडक धोतर साहेबले वाजी.”

प्राध्यापक येणार त्याच दिवशी शाळा तपासनीसही येणार होते. मला धुळ्याला बदली हवी होती. तिथे सासुरवाड, सिनेमा, सगळे होते. तळोद्यात मी कंटाळलो होतो. तपासनिसांच्या डोळ्यांत भरेल असे माझ्याकडे काय होते? हा संग्रह होता. चिटणीस म्हणून तो माझाच म्हणता आला असता.

अप्पा प्राध्यापकांना आणायला बैलगाडी घेऊन नंदुरबारला गेले. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, “चादर टाकी ठेवा टेबलवर. बाकी काही करू नका.”

मी चादर टाकली. दगड मांडू लागलो. ते सगळे मळकट, मातकट दिसत होते, शेणाच्या गोवऱ्या मांडाव्या तसे. केसांवरून हात फिरवायची मला सवय. तसाच तेलकट हात एका दगडाला लागला, आणि बोट फिरले तिथे तो दगड काळाभोर होऊन चमकला. आतून पानांची नक्षी उमटली, अगदी बारीक, कोणी सुईने कोरल्यासारखी. इतके सुंदर काही त्या गावात मी पाहिले नव्हते. खोटे कशाला बोलू, मला वाटले, मी अप्पांवर उपकारच करतो आहे.

रुमाल्याला हाक मारली. घंगाळात पाणी काढायला सांगितले. तो म्हणाला, “अप्पा चिडी जातीन.”

“मी सांगतो ना. सगळे धू. काथ्याने घास.”

“चिठ्ठी?”

“अप्पांच्या वहीत आहे सगळं. मी नव्या लिहून देतो. माझं अक्षर पाहिलंस ना?”

त्याने एकेक दगड असा पाण्यात सोडला, जणू पोहायला येत नसलेले पोर सोडतो आहे. चिठ्ठ्या सुटून वर आल्या. शाई पाण्यात उतरली, निळी. वळ्यांतली तांबडी, राखी, पिवळी माती तळाशी जाऊन एका रंगाची झाली. वही मी उघडून पाहिली तेव्हा तिच्यात क्रमांक आणि स्थळे होती. कुठल्या क्रमांकाचा दगड कुठला, हे फक्त चिठ्ठ्यांवर होते. मी वही मिटली. मग स्वतःला म्हटले, अप्पांना दगड पाठ आहेत, ओळखतील. आणि घरून चमेलीच्या दोन बाटल्या आणून चौसष्ट दगडांना मी स्वतःच्या हाताने तेल लावले. आकाराप्रमाणे रांगा केल्या. लहान पुढे, मोठे मागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. प्राध्यापक, तपासनीस, शेठजी, सगळे आत आले. पांढऱ्या चादरीवर काळे दगड चमकत होते. प्राध्यापक “वा!” म्हणाले. शेठजींनी हात जोडले. तपासनीस माझ्याकडे पाहून हसले.

अप्पा उंबऱ्यातच थांबले होते.

प्राध्यापकांनी एक दगड उचलला. “हा कुठला?”

अप्पा पुढे झाले. दगड हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. खिडकीकडे नेला. मग नाकाशी धरला. हळूच म्हणाले, “चमेलीनं शे.”

खोलीभर तो वास होता. पण मी असेन तिथे तो असायचाच, म्हणून कोणाला वेगळा जाणवला नाही. अप्पांनी माझ्याकडे पाहिले. तो मिटका डोळा माझ्यावर होता आणि मला कळले की अंतर घेऊन झाले आहे.

“हे धुतले कोणी? चिठ्ठ्या कुठे गेल्या?” शेठजी ओरडले.

रुमाल्या दाराशी उभा होता. म्हणाला, “मास्तरनी सांगं.”

सगळे माझ्याकडे वळले. तपासनीसही. तेव्हा मी जे वाक्य बोललो ते लिहिण्यासाठीच ही सगळी शाई खर्च केली. मी म्हणालो, “मी फक्त धूळ काढायला सांगितलं होतं. पाण्यात घालून तेल लावायला कोणी सांगितलं?”

आवाज चढलाही नाही. अगदी समंजस माणसासारखा बोललो. रुमाल्याने एकदा माझ्या केसांकडे पाहिले आणि मान खाली घातली.

प्राध्यापक भला माणूस होता. त्यांनी तास-दीड तास एकेक दगड पाहिला. अप्पांनी काही ओळखायचा प्रयत्न केला. दोन-तीन सांगितले, मग त्यातलाही एक मागे घेतला. “नक्की नही, साहेब. नक्की नही तं नही सांगाव.” शेवटी प्राध्यापक म्हणाले, “अप्पासाहेब, दगड अप्रतिम आहेत. पण नेमके कोणत्या जागेचे ते सांगता आलं नाही तर यांवरून काही म्हणता येत नाही. असे दगड झोळीत घालून बैरागीसुद्धा फिरतात.”

“समुद्र व्हता, साहेब,” अप्पा म्हणाले.

“असेलही. पण हे आता तसं सांगू शकत नाहीत.”

संध्याकाळी कमिटी बसली. रुमाल्याला काढून टाकायचे ठरले. अप्पा उठून म्हणाले, “त्यानी नही करं.”

शेठजी म्हणाले, “मग केलं कोणी? नाव सांगा.”

“जेनी करं, तो सांगी.”

आणि ते माझ्या शेजारी खाली बसले. मी कार्यवृत्त लिहीत होतो. चिटणीस ना! ‘अक्षम्य निष्काळजीपणाबद्दल’ हे शब्द मी माझ्या सुरेख अक्षरात, वेलांटीला वळण देऊन लिहिले. अप्पा माझ्या टाकाकडे पाहत होते. टाक थांबला नाही.

रुमाल्या उजाडायच्या आत निघून गेला. थाळी धुऊन पायरीवर पालथी ठेवून गेला. अप्पा चार दिवसांनी मणिबेलीला जाऊन आले, तर तो तिथेही नव्हता; मजुरांच्या टोळीबरोबर गुजरातेत गेला होता. ज्या एका अंगठ्याला ते दगड माहीत होते तोही असा माझ्यामुळे हातचा गेला. हे माझ्या ध्यानात आले ते फार पुढे. त्या वेळी मला एवढेच वाटले की सुटलो.

त्यानंतर तीन वर्षे मी त्या गावात होतो. अप्पा माझ्याशी तसेच वागले जसे आधी वागत. आवाज नाही, टोमणा नाही. शेठजींजवळ किंवा आणखी कोणाजवळ त्यांनी माझे नाव कधी काढले नाही. फक्त एक नवी गोष्ट झाली. आठ-पंधरा दिवसांनी केव्हातरी, मी वाचनालय बंद करायला आलो की ते पायरीवरून म्हणत, “मास्तर, काही सांगनं शे का?”

मी म्हणे, “नाही अप्पा. विशेष काही नाही.”

“बरं.”

बस, एवढेच. पुढ्यात दोन थाळ्या मांडलेल्या असत. एकीत ते जेवत. दुसरी रिकामी. कधी मला वाटे, मलाच बोलावत आहेत, बसावे आणि सांगून टाकावे. एकदा मी बसलोही. पातेल्याचे झाकण काढून त्यांनी अर्धी भाकरी त्या दुसऱ्या थाळीत ठेवली आणि वाट पाहू लागले. मी शाळेत नवीन फळा आल्याचे सांगितले. त्यांनी तेही नीट ऐकून घेतले. फळ्याची लांबी विचारली.

चमेलीचे तेल मी सोडून दिले होते. पोरांनी विचारले तर म्हटले, मानवत नाही.

अप्पांनी मात्र काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. पाऊस संपून नर्मदेचे पाणी उतरले की झोळीत आठ-दहा दगड घालून ते मणिबेलीला जात. अक्कलकुव्यापर्यंत गाडी, पुढे डोंगरातून पायी, सत्तरीच्या घरातला माणूस. काठावरचे रिकामे खळगे शोधत आणि एकेक दगड त्यात बसवून पाहत. बसला तर चिठ्ठी. नाही तर दुसरा. महिना-महिना तिकडे राहत. तीन वर्षांत सात दगडांना गाव मिळाले. चौसष्टांपैकी सात. त्यांनी मला हिशेब सांगितला तेव्हा मी मनातल्या मनात उरलेली वर्षे मोजली आणि त्यांच्याकडे पाहायचे टाळले.

“रुमाल्या भेटला का?” मी एकदाच विचारले.

“नही. यंदा ई.” हेच ते दरवर्षी म्हणत.

मला धुळ्याची बदली मिळाली. त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी शेठजींचे कार्ड आले. नथूअप्पा मणिबेलीच्या बाजूला वारले. थंडीचा ताप झाला. कोणी एक डोंगरातला माणूस त्यांची झोळी वाचनालयाच्या पायरीवर ठेवून गेला. पाणी विचारले तर नको म्हणाला, नावही सांगितले नाही. दगड आता कोणाला नकोत, तरी जिल्ह्याच्या संग्रहात पाठवतो आहोत. अशा रीतीने ते माझ्यामागून इथे धुळ्याला आले.

ते आल्यावर पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा चिठ्ठ्या मोजल्या. सात असायला हव्या होत्या, अकरा होत्या. वरच्या चार मी नव्याने वाचल्या. अप्पांचेच अक्षर, जरा कापरे. तोच पत्ता, साखळ्या, पुरुष. आणि शेवटी, जिथे ‘सापडला’ असे लिहीत तिथे, ‘जागा दाखविली : रुमाल्याने.’ म्हणजे तो आला होता. त्याचा अंगठा दगडांवरून पुन्हा फिरला होता. चारच दगड झाले आणि अप्पा गेले. आणखी दोन हिवाळे मिळते तर कदाचित ‘स्थळ अज्ञात’ अशी एकही चिठ्ठी छापावी लागली नसती.

मी रुमाल्याला शोधायला गेलो नाही. तेही इथे लिहून ठेवतो.

अप्पांना शेवटचे पाहिले ते बदलीच्या दिवशी. सकाळची वेळ. माझी गाडी सामान भरून नंदुरबारच्या वाटेला लागत होती. गावाबाहेर जिथे अक्कलकुव्याचा रस्ता फुटतो तिथे अप्पा उभे होते, खांद्याला झोळी, काठी. ते त्यांच्या वाटेने, मी माझ्या. झोळीतून जर्मनच्या थाळ्यांच्या कडा बाहेर दिसत होत्या. दोन.

मी गाडी थांबवून खाली उतरलो. मनाशी ठरवले होते. त्यांनी विचारले की सांगायचे. आता गाव सुटले होते, बदलीचा कागद खिशात होता, भ्यायचे काही राहिले नव्हते. नुसते विचारायला हवे होते त्यांनी, नेहमीसारखे. मी वाट पाहत उभा राहिलो.

अप्पांनी झोळीत हात घातला. एक दगड काढला, तळहाताएवढा. मला वाटले आठवण म्हणून देतात की काय. त्यांनी तो नाकाशी धरला. डोळे मिटून लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग तो माझ्यापुढे केला. मीही वास घेतला. उन्हाचा, कापडाचा आणि दगडाचा, बस.

“वास गया, मास्तर,” ते म्हणाले. “आते तुम्ही नही सांगं तरी चाली.”

दगड झोळीत टाकला. थाळ्या वाजल्या. माझ्या दंडावर त्यांनी एकदा हात ठेवला आणि ते वळले. मी “अप्पा” म्हणून हाक मारली. पण तोवर त्यांचे ओठ हलू लागले होते. त्यांनी हात वर केला आणि पुढे गेले. पावले चालू झाली होती.

मला त्यांना मधेच थांबवता आले असते. एरवी मी ते कितीदा केले होते.